काचेवरची तीन बोटं

१

शनिवारी दुपारी पावणेदोन वाजता माझा नवरा दुसऱ्यांदा गेला.

पहिल्यांदा महेश्वर गेले त्याला दीड वर्ष झालं. आठ दिवसांचा ताप, आणि मग काहीच नाही. तेव्हा भोवती डॉक्टर होते, नातेवाईक होते, रडायला माणसं होती. या वेळी ते आमच्या जुळे सोलापुरातल्या दोन खोल्यांत, ताटातला भात गार होत असताना, एका जुन्या टॅबमधून गेले. आणि या वेळी कुणाच्या तरी हातानं गेले होते.

टॅबमध्ये त्यांचा एकच व्हिडिओ होता. चार मिनिटं अकरा सेकंदांचा. महेश्वर होटगी जंक्शनला रेल्वेच्या सिग्नलच्या कामावर होते, त्यामुळे त्यांच्या सगळ्या गोष्टींत गाडी असायचीच. या गोष्टीत होटगीच्या चंद्रव्वाची शेळी होती. गवत खात खात ती मालगाडीच्या डब्यात चढते आणि गाडी सुटते. प्रत्येक स्टेशनला शेळी मान बाहेर काढून कानडीत विचारते, "नन्न ऊरु बंता?" माझं गाव आलं का? स्टेशनमास्तर म्हणतो, "इन्नू इल्ला." अजून नाही. तिसऱ्या स्टेशनला महेश्वर खोकतात. पुढं कुकरची शिट्टी होते. मग स्वयंपाकघरातून माझा आवाज येतो, "अहो, ताट वाढलंय." ते म्हणतात, "आलोच," आणि त्यांचा तळवा टॅबकडे येतो, मोठा होत जातो, आणि चित्र संपतं.

शेळी गाडीतच राहिली. पुढचं उद्या सांगतो म्हणाले होते. चार दिवसांनी ताप आला.

अंकिता तेव्हा तीनची होती, आता साडेचारची आहे. शाळेतून आलं की ताटासमोर टॅब, टॅबमध्ये पप्पा, आणि मगच तोंडात घास. तिला सोपं जावं म्हणून तो व्हिडिओ मी टॅबच्या पहिल्याच पडद्यावर आणून ठेवला होता. त्यांच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं की गोष्ट सुरू.

शनिवारी त्या जागी एक राखाडी चौकोन होता.

"मम्मी, पप्पा कुटं गेले?" अंकी म्हणाली.

मी चौकोनावर बोट ठेवलं. बऱ्याच वेळानं इंग्रजीत एक ओळ आली. फाईल सापडत नाही.

लोक विचारतील, दुसरीकडे काढून का ठेवला नाही? शाळेत विज्ञान शिकवणारी बाई मी, मला एवढं कळत नव्हतं का? कळत होतं. पण काढून घेताना काही बिघडलं तर, या भीतीनं मी त्याला हातच लावला नव्हता.

२

हे सुरू झालं तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी.

अंकीच्या बालवर्गाचं अभ्यासाचं ॲप त्या टॅबवर चालेना. टॅब सात वर्षांचा. मी नंदीशला, म्हणजे माझ्या दिराला म्हटलं, जरा बघा. तो बार्शीला धान्याच्या अडतीत कामाला आहे, शनिवारी संध्याकाळी येतो आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत जातो. त्यानं तासभर बसून नवं अपडेट टाकलं.

"बघा वैनी, आता कसा पळतोय. नवीन सोयीपण आल्यात. तीन बोटं काचेवरून अशी फिरवली की पडद्याचा फोटोच निघतोय. अभ्यास उतरवून घ्यायला बरं."

टॅब पळाला नाही. जुन्या बैलाच्या खांद्यावर नवं जू ठेवावं तसं झालं त्याचं. बोट ठेवायचं आणि मनात अकरा मोजायचे, मग तो हलणार. मधे आपण कंटाळून आणखी दोनदा बोट ठेवलं असेल, तर तेही तो विसरायचा नाही. एकदम तिन्ही बोटांचं ऐकायचा, आणि तोवर पडद्यावर भलतंच काही आलेलं असायचं. अंकी रडायची. जेवण तासभर चालायचं.

शेवटी मी ठरवलं, शुक्रवारी टॅब दुरुस्तीला द्यायचा.

गुरुवारी दुपारी अंकीनं गोष्ट ऐकली, ती शेवटची. संध्याकाळी मी टॅब नेहमीसारखा कपाटाच्या माथ्यावर चार्जिंगला लावला. शुक्रवारी सकाळी साडेआठला मी आणि अंकी शाळेत गेलो. माझी नोकरी आणि तिचा बालवर्ग एकाच शाळेत. सव्वाला घरी आले, देवाच्या फळीवरून टॅब उचलला, न उघडताच पिशवीत टाकला आणि रिक्षानं नवी पेठ गाठली.

तिथं गुरुचं दुकान आहे, जिन्याखाली, खुर्ची टाकली की भरणारं. मी त्याला बजावलं, "यातला एकही फोटो, एकही व्हिडिओ काढायचा नाही. बाकी जुनं साचलेलं, आधीच काढून टाकलेलं जे काही असेल, ते सगळं साफ करा. जरा हलका झाला पाहिजे."

त्यानं चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, मी ती पर्समध्ये कोंबली. शनिवारी शाळा सुटल्यावर टॅब घेऊन घरी आले, आणि राखाडी चौकोन.

अंकीला तशीच काखेत मारून मी परत नवी पेठेत गेले. भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोर, त्याला वाट्टेल ते बोलले.

"ओ ताई, ऐका तर," गुरु म्हणाला. "आईशप्पथ, एका व्हिडिओला हात लावलेला न्हाई मी. तुम्ही बजावलावता की."

"मग गेला कुठं?"

त्यानं टॅब हातात घेतला, इथं तिथं बघितलं. मग एकदम थांबला. माझ्याकडे बघितलं, अंकीकडे बघितलं, आणि टॅब माझ्या हातात परत ठेवला.

"घरी विचारा ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्याकडं येईपर्यंत तो जाग्यावर नव्हता."

३

घरी विचारा. घरात माणसं किती? मी, अंकी, सासूबाई. आणि शनिवार-रविवारपुरता नंदीश.

नंदीशवर माझा राग आधीपासूनच होता. दिवाळीपासून तो बार्शीचं एक स्थळ माझ्यासाठी घेऊन मागे लागला होता. माणूस चांगला, बायको वारलेली, स्वतःचं घर. मी नाही म्हटलं की तो गप्प बसायचा, पण त्याची नजर टॅबकडे जायची. मी बघितलं होतं.

बसची वाट बघत नवी पेठेतूनच त्याला फोन लावला.

"नंदीश, खरं सांगा. व्हिडिओ तुम्ही काढलात?"

"काय बोलताय वैनी! दादाचा व्हिडिओ?"

"तुम्हाला नकोच होता तो."

पलीकडे हमालांचा आवाज येत होता; अडतीत माल आल्यामुळे या शनिवारी तो येणार नव्हता. मग तो म्हणाला, "नको होता, असं न्हाई. पण मागच्या रविवारी अंकी मला विचारली, काका, पप्पा चार्जिंगला लावल्यावर झोपतात का? तुमीच सांगा, काय उत्तर देऊ? पोरगी बापाला टॅबातला माणूस समजायलीय. मला वाटतंय वैनी, तुमी दोघीपण त्यातनं भाईर यावं. पण काढून टाकीन? माझ्यापाशीसुद्धा त्याचा दुसरा आवाज न्हाई."

त्याचा आवाज फुटला, म्हणून मी फोन ठेवला असं नाही. हिशेब जुळत नव्हता म्हणून ठेवला. नंदीश सोमवारी पहाटे गेला होता. गुरुवारी दुपारी व्हिडिओ जागेवर होता. शुक्रवारी दुपारी तो गुरुच्या म्हणण्याप्रमाणे नव्हता. मधल्या वेळात नंदीश सत्तर किलोमीटरवर पोती मोजत होता.

उरल्या सासूबाई. पार्वतम्मा. मी त्यांना कानडीत अत्ती म्हणते.

दीड वर्षात अत्तींनी तो व्हिडिओ एकदाही आमच्याबरोबर बघितला नाही. महेश्वरांचा आवाज सुरू झाला की त्या उठायच्या, मागच्या मोरीत जायच्या आणि घासलेलीच भांडी परत घासायच्या. मला म्हणायच्या, "बंद कर की गं ते. गेलेल्या माणसाला रोज हाक मारू नये. त्याचा जीव अडकतोय." भिंतीवरच्या फ्रेममधल्या फोटोलाही त्या हात लावत नसत. "हा माझा महेश वाटत न्हाई," म्हणायच्या.

पण अत्तींना चार यत्तांच्या कानडीपलीकडं काही वाचता येत नाही. टॅबमधली इंग्रजी बटणं त्यांना कुठून कळणार?

मग कोण?

बसमध्ये अंकी माझ्या मांडीवर बसली होती. मी तिच्या बोटांकडे बघितलं. चटणीनं माखलेली, चपळ, कुठंही पोचणारी बोटं.

४

"खरं सांग. तू काय दाबलंस?"

"नाई मम्मी."

"पप्पांवर बोट ठेवल्यावर अजून काय दाबलंस?"

"नाई गं मम्मी, मी नाई..."

मी तिला मारलं. गालावर. चार बोटं उठली.

ती लगेच रडली नाही. आधी तिनं माझ्याकडे बघितलं, मग राखाडी चौकोनाकडे, जणू तिथून कुणी येऊन मला रागवणार होतं. मग रडली.

अत्ती मोरीच्या दारात उभ्या होत्या. त्यांचा हात अर्धा वर आला, आणि तसाच खाली गेला. नातीला कुणी मोठ्यानं बोललं तर घर डोक्यावर घेणारी बाई. आज एक शब्द नाही. नुसत्या खाली बसल्या, अंकीला ओढून कुशीत घेतलं आणि पुटपुटत राहिल्या, "अळबेड, अळबेड." रडू नको.

त्या दिवशी अंकी जेवली नाही. अत्तीही जेवल्या नाहीत.

रविवारी सकाळी अंकी झोपली होती. मी तिच्या गालाकडे बघत बसले आणि मगच डोकं चालायला लागलं. जे आधी करायचं ते मी मारल्यानंतर केलं. गुरुवारी दुपारी गोष्ट संपल्यावर टॅब माझ्या हातात होता. मग कपाटाच्या माथ्यावर. तिथं अंकीचा हात खुर्चीवर चढूनही पोचत नाही. शुक्रवारी सकाळी ती माझ्याबरोबर बाहेर पडली, आणि दुपारी टॅब मीच पिशवीत टाकला. तिला स्पर्श करायला एक मिनिटही मिळालेलं नव्हतं.

माझी पोर निर्दोष होती. मी तिला उगीच मारलं होतं.

आणि तिथंच दुसरी गोष्ट टोचली. टॅब मी ठेवला कपाटाच्या माथ्यावर. उचलला देवाच्या फळीवरून.

तेवढ्यात अत्ती चहा घेऊन आल्या. "घे," म्हणाल्या. मी वर बघितलं आणि माझा हात तसाच राहिला.

त्यांचं कपाळ मोकळं होतं.

आमच्यात विभूती लावल्याशिवाय अत्ती पाण्याचा घोटही घेत नाहीत. रोज आंघोळ, लिंगपूजा, मग तीन बोटांनी कपाळावर तीन आडवे पट्टे. ताप असो, प्रवास असो. महेश्वर गेले त्या दिवशीसुद्धा ते पट्टे होते.

"अत्ती, विभूती?"

"संपलीय," त्या म्हणाल्या आणि वळल्या.

त्या आत गेल्यावर मी देवाच्या फळीवर बघितलं. विभूतीची पेटी निम्मी भरलेली होती.

५

टॅबचं कातडी कव्हर मी सावकाश सोडवलं. काचेच्या कडेला, कव्हर बसतं त्या खाचेत, बारीक पांढरी रेघ होती. ती मी आधीही पाहिली होती. अत्ती आठवड्यातून दोनदा कडक भाकऱ्या करतात, घरभर ज्वारीचं पीठ असतं, त्यामुळे पीठच समजले होते.

आता नखानं ती पूड बशीत काढली आणि तिच्यावर लिंबाचा थेंब पिळला. बारीक बुडबुडे आले. पीठ असतं तर नुसतं भिजलं असतं. ही विभूती होती.

मग फोटोंचा कप्पा उघडला. अपडेटनंतर तो उघडायला इतका वेळ लागायचा की मी तिकडे फिरकलेच नव्हते. आत एक नवा फोल्डर दिसला, मी कधी न केलेला. पडद्याचे फोटो. एकूण सतरा.

सतराही फोटोंत महेश्वर होते. गोष्ट सांगताना मधेच थांबलेले. एकात डोळे अर्धे मिटलेले, एकात शेळीसारखी मान पुढं काढलेली, एकात खोकल्याआधी तोंडाशी नेलेली मूठ. प्रत्येकाखाली तारीख आणि वेळ. पहिला अपडेटच्या दुसऱ्या दिवशीचा, सोमवारचा. शेवटचा परवाच्या शुक्रवारचा. रविवार सोडून रोज एक. वेळ कायम साडेदहा ते सव्वाअकराच्या मधली, मी आणि अंकी शाळेत असतो ती.

तीन बोटं काचेवरून फिरवली की पडद्याचा फोटो निघतो, असं नंदीश म्हणाला होता.

तीन बोटं एकदम, आडवी, काचेवरून. अशी बोटं आमच्या घरात एकच माणूस फिरवतं.

जी बाई लेकाचा आवाज आला की मोरीत पळायची, ती आम्ही घराबाहेर पडलो की कपाटावरून टॅब काढायची, देवाच्या फळीवर उभा करायची, लेकाच्या चेहऱ्यावर बोट ठेवायची आणि अकरा मोजत थांबायची. मग तो बोलायला लागला की त्याच्या कपाळाला विभूती लावायची. काच पुसून परत ठेवायची. त्या खाचेत तेवढी राहून गेली. अपडेटच्या आधी किती दिवस हे चाललं होतं, ते टॅबलाही माहीत नाही. तोवर तो फोटो काढत नव्हता.

सतरावा फोटो मी सगळ्यात शेवटी उघडला. शुक्रवार, अकरा वाजून बारा मिनिटं.

त्यात महेश्वरांचं कपाळ दिसत होतं. कपाळाखाली एक पांढरी चौकट. इंग्रजीत विचारलेलं, हा व्हिडिओ काढून टाकायचा का? खाली दोन बटणं. 'नको' डावीकडं. 'हो' उजवीकडं, बरोबर त्यांच्या गालावर.

मी टॅबवर तेच करून बघितलं. दुसऱ्या एका व्हिडिओवर बोट ठेवलं, काही झालं नाही. परत ठेवलं, आणि वाट बघत तसंच दाबून धरलं, म्हातारी माणसं धरतात तसं. टॅबनं सगळं साठवून ठेवलं आणि एकदम एकामागून एक केलं. तो व्हिडिओ सुरू झाला, थांबला, यादी उघडली, तिथल्या पुढच्या स्पर्शानं ती चौकट आली. अत्तींना चौकट वाचता येत नाही. त्यांना वर कपाळ दिसत होतं. त्यांनी विभूती लावली. आणि मग त्या अंकीलाही रोज करतात तसं केलं असणार. लेकाच्या गालावरून बोट फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडलं असणार.

गालावर 'हो' होतं.

६

मी रडले, पण थोडंच. कारण त्याच क्षणी मला आशा दिसली.

काढून टाकलेला व्हिडिओ लगेच जात नाही. तीस दिवस तो एका वेगळ्या कप्प्यात पडून राहतो. शुक्रवारपासून दोनच दिवस झाले होते! कप्पा उघडायला टॅबनं चाळीस सेकंद घेतले असतील.

कप्पा रिकामा होता.

मी पर्स उलटी केली. अंकीचा रुमाल, शाळेच्या किल्ल्या, गुरुची चिठ्ठी. शुक्रवारी न वाचता कोंबलेली. त्याच्या वाकड्या अक्षरात तीन ओळी होत्या. दोन ॲप काढले. जुनी साठवण साफ. काढून टाकलेल्यांचा कप्पा रिकामा, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून.

सोमवारी शाळेत जायच्या आधी त्याच्या दुकानाचं शटर वर जाताना मी तिथं उभी होते. मी ओरडले नाही. तोच दचकला.

"गुरु, त्या कप्प्यात काय होतं?"

तो शटर धरूनच उभा राहिला. "एकच फाईल होती ताई. सव्वाचार मिनटाची. तुम्हीच म्हणलावता, आधीच काढून टाकलेलं सगळं साफ करा. मला वाटलं, नकोच असंल."

"शनिवारी कळलं होतं तुला."

"व्हय."

"मग बोलला का नाहीस? मी एवढं बोलले तुला, चारचौघांत."

"काय बोलू?" त्यानं कुलूप एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "लेकरू होतं की काखेत. तुम्ही मला चोर म्हणत होता, तेच बरं होतं. घरात काय झालं ते तुमाला घरात कळंल, वाटलं. पण हे... हे मी कसं सांगू, की तुमीच..."

"परत येईल?"

"दोन ठिकाणी विचारून बघितलो कालच. न्हाई म्हणले."

जिन्यावरून शाळेची पोरं दप्तरं आपटत उतरत होती. मी चिठ्ठीची घडी घातली आणि शाळेत गेले. दोन तास शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही.

७

दुपारी घरी आलो तेव्हा अत्ती भाकरी थापत होत्या. कपाळ अजून मोकळंच. मी अंकीला हातपाय धुवायला पाठवलं, त्यांच्यासमोर बसले आणि टॅबवर सतरावा फोटो उघडून ठेवला.

त्यांनी बघितलं. परातीतला हात थांबला.

"माझ्या बोटानं गेला गं," त्या म्हणाल्या. मी एक शब्दही बोलले नव्हते. "गालाला हात लावले आणि गेला. मला वाटलं, परत येतोय, रोज उशीर करतोय की आता. बसले. बसले. तू यायची वेळ झाली. तरी आला न्हाई."

"मला सांगायचं की अत्ती."

"सांगणारच होते. तर तू अंकीला मारलीस. जीभच टाळ्याला चिकटली." त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं माझ्यासमोर धरली, पिठानं भरलेली, टोकाला तव्याच्या चटक्यांनी टणक झालेली. "ह्याच बोटांनी विभूती कशी लावू? सांग तू."

"पण तुम्ही तर म्हणायचात, गेलेल्याला हाक मारू नये."

"तुमच्या म्होरं कशी बघू? मी रडले तर तू रडणार. तू रडलीस तर ती जेवणार न्हाई. म्हणून एकटी बघायची." मग अगदी बारीक आवाजात, "हाक मी पण मारतच होते."

मी पर्समधून चिठ्ठी काढली आणि वाचून दाखवली. कप्पा म्हणजे काय तेही सांगितलं. तुमच्या बोटानं ते फक्त खोलीबाहेर गेले होते अत्ती, तीस दिवस दाराशी उभे राहणार होते. घालवलं ते मी. न बघता, घाईत, साफ करा म्हणून.

त्यांना सगळं कळलं की नाही, माहीत नाही. मग पिठाचा हात पदराला पुसून उठल्या, देवाच्या फळीवरून पेटी आणली आणि माझ्यासमोर धरली.

"मला लाव," म्हणाल्या. "माझ्यानं होत न्हाई."

मी तीन बोटं विभूतीत बुडवली आणि त्यांच्या कपाळावरून फिरवली. त्यांनीही माझ्या कपाळाला लावली. कुठंही फोटो निघाला नाही.

अंकी येऊन ताटासमोर बसली. शनिवारपासून दुधावर होती. तिनं टॅबकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही विचारलं नाही. साडेचार वर्षांच्या पोरीनं विचारायचं सोडून दिलं, ते मला, मी तिला मारलं त्याहून जास्त लागलं.

अत्तींनी टॅब पालथा घातला. तिच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि घसा साफ करून म्हणाल्या, "होटगीत चंद्रव्वा म्हणून एक बाई होती."

अंकीनं मान वर केली.

आवाज म्हातारीचा होता. पण 'बाई होती'नंतरचा तो थांबा, शेळीच्या नावाआधीचं ते हसू, मालगाडीच्या चाकांचा ठेका, सगळं त्यांचं. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. दीड वर्ष रोज सकाळी ऐकलेलं.

"नन्न ऊरु बंता?" अत्तींनी मान पुढं काढली.

"इन्नू इल्ला," अंकी म्हणाली.

तिसरं स्टेशन आलं. अत्ती पुढं जाणार, तेवढ्यात अंकीनं त्यांचा गुडघा धरला. "अज्जी, हितं पप्पा खोकतात."

अत्ती खोकल्या. मूठ तोंडाशी नेऊन, तश्शाच. थोडं पुढं अंकीनं गाल फुगवून कुकरची शिट्टी केली.

मग दोघी थांबल्या. मला वाटलं, अत्तींना पुढचं आठवत नाही. पण त्या माझ्याकडे बघत होत्या. अंकीही. मग कळलं. पुढचं वाक्य माझं होतं.

दोनदा प्रयत्न केला तेव्हा आवाज निघाला.

"अहो, ताट वाढलंय."

अत्तींनी डोळे मिटून घेतले. पुढचं वाक्य महेश्वरांचं होतं; तेवढं एक त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं.

मग अंकीनं आपला छोटा तळवा पुढं केला. आणत आणत माझ्या डोळ्यांपर्यंत आणला, इतका की मला दुसरं काहीच दिसेना.

"आलोच," ती म्हणाली.

आणि तिनं घासासाठी तोंड उघडलं. मी भरवला. शेळी अजून गाडीतच होती.